वायरवाल्या काकूंची बिघडलेली कॅसेट

प्रिय चिऊ,

तुझा फोन येऊन आज नऊ दिवस झाले. तू विचारलं होतंस, बाबा, आईचा आवाज कुठे आहे का? फोनमध्ये शोधलास, सापडला नाही म्हणालीस. ती बोललेलं काही पाठवायचीच नाही, टाइप करायची, तेही शुद्धलेखन सांभाळून. मी म्हणालो, नाही बेटा, कुठेच नाही. तू "बरं" म्हणालीस, कुठल्याशा गायीला बघायला जायचं आहे म्हणालीस आणि फोन ठेवलास. तुझं ते "बरं" अजून कानात आहे. मी दिलेलं उत्तर खरं नव्हतं. एका कॅसेटवर तिचा आवाज आहे, चांगला एकोणीस मिनिटं. ती कॅसेट तुला द्यायची तर तिच्यामागची हकीकतही सांगावी लागणार आणि ती सांगायला मी धजत नव्हतो. फोनवर तर मला जमलंच नसतं. तुला माझं बोलणं माहीत आहे, दोन वाक्यांनंतर मी जेवलीस का विचारतो.

खरं सांगायचं तर या नऊ दिवसांत मी एक पळवाटही शोधून पाहिली. दुसऱ्या एखाद्या कॅसेटवर तिचे चार शब्द सापडले तर तेवढेच तुला पाठवावेत, म्हणजे ती एक कॅसेट बाहेर काढायला नको. म्हणून रोज जेवण झालं की स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसायचो आणि कपाटातल्या कॅसेटी लावायचो. चाळीस लावल्या. लग्नं, निरोप समारंभ, शाळांची संमेलनं, कारखान्याच्या नव्या शेडचं उद्घाटन, दोन भावांनी मिळून काढलेल्या बेकरीचा पहिला दिवस. प्रत्येक ठिकाणी ती माझ्यापासून चार हातांवर उभी होती आणि एकाही कॅसेटवर तिची साधी खाकरसुद्धा नाही. माइक तपासताना ती बोलायची, पण तेव्हा मी रेकॉर्डिंग सुरूच केलेलं नसायचं. तिने हात वर केला की मी लाल बटण दाबायचो, आणि तिचा हात वर गेला की तिचं तोंड बंद. पहिल्या दोन दिवसांत मला याचं वाईट वाटलं. तिसऱ्या दिवसापासून अभिमान वाटायला लागला. तीस वर्षं लोकांचे आवाज टिपले आणि स्वतःचा श्वाससुद्धा त्यांत मिसळू दिला नाही, असं दुसरं कोण आहे दाखव.

तू लहान होतीस, तुला सुरुवातीचं आठवणार नाही. माझं पहिलं व्हिडिओचं काम म्हणजे तुझ्या शाळेच्या आधीच्या मुख्याध्यापकांचा निरोप समारंभ. कॅमेरा नवा होता आणि मला वाटत होतं की चित्र नीट आलं की झालं. घरी येऊन मी तिला कौतुकाने दाखवायला बसवलं. तिने पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "बोलतायत मुख्याध्यापक, पण ऐकू येताय तुम्ही. सर्दी झालीय का?" खरंच होतं. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक पुढच्या टोकाला असतो आणि त्याला जे जवळ ते मोठं. माझा श्वास, झूमच्या बटणाची कटकट, डोक्यावरचा पंखा, पहिल्या रांगेतल्या कुणाचा तरी खोकला, आणि या सगळ्याच्या पलीकडे, विहिरीतून बोलावं तसे मुख्याध्यापक. मी म्हणालो, असंच असतं सगळ्यांचं. ती म्हणाली, सगळ्यांचं असू दे.

ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती हे तुला माहीत आहे, पण तिथे ती काय होती हे तुला कुणी सांगितलं नसेल. तिच्या शेजारी बसणाऱ्या बायका सांगायच्या की लांबच्या लाइनवर कितीही खरखर असली तरी ही बरोबर नंबर उतरवून घ्यायची. आवाज ऐकून माणूस घाईत आहे, घाबरलेला आहे की उगाच रागावतो आहे हे ती सांगायची. एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं तेव्हा तिच्यासारख्या सगळ्यांना कारकुनी दिली. तिने कारकुनी नको म्हटलं, निरोपाची भेटवस्तूही नको म्हटलं आणि आपला जुना हेडफोन मागून घेतला. साहेब हसले होते म्हणे. बाई, हा घेऊन करणार काय? ती म्हणाली होती, बघते.

तर त्या मुख्याध्यापकांच्या प्रकरणानंतर तिने कॅमेऱ्याचं पुस्तक हातात घेतलं. मी ते उघडलंही नव्हतं. तिने कॅमेऱ्याच्या कुशीवरचं एक रबरी बूच नखाने उचललं आणि आतलं बारीक भोक दाखवलं. बाहेरचा माइक इथे लावायचा. मग तुझ्या शाळेतला माइक एका दिवसासाठी मागून आणला, तर त्याची पिन जाड आणि भोक बारीक. ती माइक घेऊन रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने मधला जोड दिला, तर आवाज फक्त डाव्या कानात. पुन्हा गेली. त्याने वायर कापून नवी डाख दिली, मग दोन्ही कानांत आला. तो म्हणायचा, वहिनी, तुमच्यामुळे मला या वयात अभ्यास करावा लागतोय. मग घरी सराव. मी खुर्चीत बसून दहा मिनिटं वर्तमानपत्र वाचलं, तिने रेकॉर्ड केलं. लावून पाहिलं तर मी तोंड हलवतोय आणि आवाज शून्य. माइकला स्वतःचं वेगळं बटण होतं आणि ते आम्ही चालूच केलं नव्हतं. बाहेरचा माइक जोडला की कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक बंद पडतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. मी हसलो. ती हसली नाही. ती म्हणाली, "हा बाहेरची पिन लागली की स्वतःचे कान मिटतो. मग आपले उघडे पाहिजेत." त्या दिवशी एक्स्चेंजचा हेडफोन दुरुस्तीवाल्याकडे गेला, त्याची पिन बदलून आली आणि पुढची तीस वर्षं तिचे कान उघडे होते.

तिने स्वतःच नियम बसवले, कुणी शिकवलं नाही. माइक तोंडापासून वीतभर खाली, कधी समोर नाही. कॉलरला लावायचा माइक असेल तर त्याच्या वायरचा एक वेढा आतून चिकटपट्टीने चिकटवायचा, म्हणजे माणूस वळला तरी कपडा घासल्याचा आवाज येत नाही. दिव्याची वायर आणि माइकची वायर शेजारीशेजारी न्यायची नाही, नाहीतर गुणगुण येते. एकमेकींना ओलांडायचीच वेळ आली तर आडवी ओलांडायची. प्रत्येक माइक आधी स्वतःच्या कॉलरला लावून ऐकायचा, मगच दुसऱ्याला. आणि कार्यक्रम सुरू होण्याआधी एक मिनिट ती नुसती डोळे मिटून उभी राहायची. त्या मिनिटात तिला काय काय ऐकू यायचं! मागच्या खोलीतला फ्रिज बंद करा. ती ट्यूबलाइट गुणगुणतेय. अहो, तुमच्या खिशातली किल्ली. एका लग्नात मुलाचा मामा वैतागून म्हणाला, काकू, रेडिओ स्टेशन काढताय का इथे? ही शांतपणे म्हणाली, "काढलं तर तुम्हाला बातम्यांना घेईन, आवाज भारदस्त आहे." मामा दिवसभर तिच्यामागे वायर उचलत फिरला. तिथूनच तिचं नाव वायरवाल्या काकू पडलं. लोक मला बोलवायला यायचे आणि विचारायचे, काकू येणार आहेत ना? आधी मला हे टोचायचं. मग सवय झाली आणि मग मीच सांगायला लागलो की तिला वेळ असेल तर मी येतो.

परवा तो सुतार आला होता, फर्निचरवाला, ज्याच्या लग्नाचं आपण केलं होतं. आई गेल्याचं त्याला उशिरा कळलं. दारातच उभा राहिला, आत येईना. त्याचे वडील अडखळत बोलायचे. लग्नात त्यांनी चार वाक्यं बोलायचं ठरवलं आणि दुसऱ्याच वाक्याला अडकले. लोक हसतील म्हणून मी कॅमेरा वळवणार होतो. तिने माझ्या दंडाला धरून थांबवलं, चालू ठेवा म्हणून. सुतार सांगत होता, वडील गेल्यापासून तो ती जागा पुन्हा पुन्हा लावतो. म्हणाला, काका, ते अडलेत ना, तिथे मागे काहीच आवाज नाही, पंखा नाही, काही नाही, ते शब्द शोधतायत हे ऐकू येतं. एवढं बोलून त्याने आपल्या स्टुडिओच्या दाराची बिजागरी पाहिली, पाना मागितला, ती घट्ट केली आणि गेला. चहासुद्धा घेतला नाही. मला त्याच्याशी धड बोलता आलं नाही, पण दिवसभर मी ताठ चाललो.

आता तुझ्या दिवसाबद्दल लिहितो. ती कॅसेट त्या दिवसाची आहे.

तुझा पदवीदान समारंभ. सगळ्या वर्गाच्या वतीने तू बोलणार होतीस. त्याआधी आठवडाभर तू स्वयंपाकघरात फेऱ्या मारत भाषण पाठ करत होतीस आणि आई कणिक मळता मळता, भाजी चिरता चिरता ऐकत होती. आदल्या दिवशी तू तिला म्हणालीस, आई, उद्या हेडफोन लावून उभी राहू नकोस ना. बाकीच्यांच्या आया बसतात तशी खुर्चीत बस. तू लाडाने म्हणाली होतीस हे मला आठवतं. शाळेत असताना ती खांद्यावर वायरची वेटोळी घेऊन चालायची तेव्हा तू दहा पावलं पुढे जायचीस, तसलं काही त्यात नव्हतं. तरी तिने हातातली सुरी खाली ठेवली आणि "बसते" म्हटलं. सकाळी चांगले कपडे घालून ती हॉल उघडायच्या आधीच माझ्याबरोबर आली. आपल्याकडे तेव्हा बिनवायरचे दोन माइक होते. त्यांचा आवाज पकडणाऱ्या, कॅमेऱ्यावर बसवायच्या डबीला एक सरकतं बटण होतं. एकवर ठेवलं की पहिल्या माइकचा आवाज, दोनवर ठेवलं की दुसऱ्याचा. पहिला माइक तिने भाषणाच्या टेबलाच्या दांडीला बांधला. दुसरा हाताशी असावा म्हणून नेहमीप्रमाणे स्वतःच्या कॉलरला लावून तपासला. मग हेडफोन काढून माझ्या गळ्यात घातला, हा कानाला लावा, गळ्यात ठेवू नका असं सांगितलं आणि जाऊन तिसऱ्या रांगेत बसली. कॉलरवरचा माइक काढायचा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा ती प्रेक्षकांत बसायला निघाली होती, तिचं अर्धं लक्ष तिथेच होतं.

हेडफोन मी गळ्यातच ठेवला. मला त्याची सवय कुठे होती? एवढी वर्षं ऐकायचं काम तिचं आणि बघायचं माझं. आवाज येत असला की हलणारी बारीक सुई कॅमेऱ्यात दिसते, ती हलत होती, म्हणून मी निर्धास्त होतो. संध्याकाळी तू मैत्रिणींबरोबर गेलीस आणि आम्ही दोघं कॅसेट लावून बसलो. तू पायऱ्या चढून मंचावर येतेस आणि आवाज येतो आईचा. "सांगितलं होतं पिन लाव म्हणून. बघा केस कसे." आणि तू तिकडे लांब, हॉलच्या भोंग्यातून, पुसटशी. तिने ते वाक्य ऐकलं आणि म्हणाली, बंद करा. उठून कॅमेऱ्यावरची डबी पाहिली. बटण दोनवर होतं. ती हातात डबी घेऊन खाली बसली. म्हणाली, "तपासताना दोनवर केलं आणि तसंच ठेवून उठले. परक्यांचं एक काम बिघडवलं नाही आणि लेकीचं बिघडवलं." मग म्हणाली, पुसून टाका, आणि कॅसेट मशीनमध्ये अडकून तुटली असं तिला सांगा. मी पुसतो म्हणालो. तुला आम्ही तसंच सांगितलं. तू हसून म्हणालीस, जाऊ दे, मला तरी कुठे माझं तोंड बघायचंय? आईने मान खाली घालून भांडी आवरली.

मी ती पुसली नाही. वर दुसरंच नाव लिहून कपाटाच्या वरच्या खणात ठेवली. आईने मात्र त्यानंतर डबीच्या झाकणावर एक चिठ्ठी चिकटवली, "एकवर आहे का?" प्रत्येक कामाआधी ती वाचायची, बोटाने बटण चाचपायची आणि दोनदा तपासायची. हात वर करायला तिला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला. लोकांना वाटायचं वय झालं. शेवटच्या आजारपणातसुद्धा, हॉस्पिटलमध्ये, तू औषधं आणायला खाली गेली होतीस तेव्हा ती मला म्हणाली, तिची ती एक कॅसेट तेवढी नीट व्हायला हवी होती हो. मी तिचं पांघरूण सारखं केलं.

आणि ती गेली त्या आठवड्यात तू मावशीजवळ बसून म्हणालीस, मी त्या दिवशी तिला हेडफोन काढायला लावला, म्हणून तिच्याकडून ते झालं. कॅसेट तुटली नव्हती हे तुला कुणी सांगितलं, आईने की मावशीने, मला माहीत नाही. मी बाहेरच्या खोलीत होतो, मला सगळं ऐकू आलं. मावशी म्हणाली, वेडी आहेस. मी तेव्हाच आत यायला हवं होतं. मी दार हळूच लोटलं आणि पाणी भरायला गेलो.

आता कॅसेटवर काय आहे ते ऐक. दुरुस्तीवाल्याचे हात आता थरथरतात, पण त्याने आमचं जुनं मशीन साफ करून दिलं आणि या पत्रासोबत पाठवतोय त्या पेन ड्राइव्हवर सगळं उतरवून दिलं. त्याने स्वतः ऐकलं नाही. हे घरचं आहे म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला. केसांच्या त्या वाक्यावर शेजारची बाई विचारते, तुमची कुठली? आई सांगते, उंच आहे ती, केस न विंचरलेली. कशाची डॉक्टर? "गुरांची. खांद्यापर्यंत हात घालून अडलेलं वासरू फिरवते." अगं बाई, भीती नाही वाटत तिला? "तिला नाही वाटत. मला वाटते. पण मी तिला सांगत नाही." मग तू बोलायला लागतेस आणि ती गप्प होते असं वाटतं. नीट ऐक, ती गप्प नाही. ती तुझं सगळं भाषण तुझ्याबरोबर पुटपुटते आहे, तुझ्या अर्धा शब्द पुढे. आठवडाभर स्वयंपाकघरात ऐकून तिचं पाठ झालं होतं. एका ठिकाणी तू विसरलीस. तुला आठवत असेल, तू पाण्याचा ग्लास उचललास, लोकांना वाटलं तहान लागली. तिथे अकरा सेकंद तिने श्वास घेतलेला नाही, मी मोजले. मग ती अगदी हळू म्हणते, "मुक्या." आणि तिकडे लांबून तू म्हणतेस, मुक्या प्राण्यांचं दुखणं ओळखायला आधी गप्प बसायला शिकावं लागतं. त्यानंतरच्या टाळ्यांत बाकी काही ऐकू येत नाही, कारण तिचे हात माइकच्या अगदी जवळ आहेत. टाळ्या थांबल्यावर ती त्या बाईला माझ्याबद्दल सांगते. "ते तिचे बाबा, कॅमेऱ्यामागे. हेडफोन गळ्यातच आहे बघा, सांगून उपयोग नाही. असू दे, आज सगळं मी नीट लावून दिलंय." हे तिने स्वतः कधी ऐकलं नाही. पहिल्या वाक्यालाच तिने बंद करायला लावलं होतं.

तिने खरंच सगळं नीट लावून दिलं होतं, चिऊ. हे सांगायलाच हे पत्र लिहितो आहे. बटण तिने एकवरच ठेवलं होतं. ती खुर्चीत जाऊन बसल्यावर मी सुई पाहिली, तर ती पडून होती. टेबलापाशी कुणी बोलतच नव्हतं तर ती हलणार कशी, पण हे मला सुचलं नाही. मला वाटलं काहीतरी बिघडलं. मी बटण दोनवर सरकवलं आणि सुई लगेच हलायला लागली. ती आई होती, शेजारच्या बाईशी बोलत असलेली. मी समजलो की दुरुस्त झालं. हेडफोन कानाला लावला असता तर एका क्षणात कळलं असतं. संध्याकाळी ती डबी हातात घेऊन बसली आणि तिने चूक स्वतःवर घेतली, तेव्हा मी तिच्यासमोर उभा होतो. जेवण झाल्यावर सांगू म्हटलं, मग उद्या, मग तू नोकरीला लागल्यावर. मी कमी बोलतो हे सगळ्यांना माहीत आहे, त्याच्याच आडोशाला राहिलो. तुझ्या हेडफोनच्या हट्टाने काही बिघडलं नाही, आणि तिच्या हातून तर कधीच काही बिघडलं नाही. तीस वर्षांत एक कॅसेट वाया गेली, ती माझ्या हातून. तुला हे सांगितलं, मावशीलाही उद्या जाऊन सांगणार आहे. जिला सांगायचं होतं तिला सांगायला माझ्यापाशी सोळा वर्षं होती.

तुझाच, आणि तिचा,
बाबा